बाबांची दाद पाच महिने जात नाहीये, अँटिफंगल औषधं नेमकी काम कशी करतात?

लोकमान्यनगरची लेक

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न मोठा आहे आणि आमच्या घरात हा विषय लाजेचा समजतात म्हणून इतके दिवस कुणाला विचारलाच नाही. बाबा ६६ वर्षांचे, आम्ही इंदूरलाच असतो. पावसाळ्यात त्यांना जांघेत खाज सुरू झाली, गोल लाल चट्टा, कडेला बारीक पुरळ आणि मधे साफ. आई म्हणाली गजकर्ण आहे, शेजारच्या भाभी म्हणाल्या दाद आहे, एकच ते. बाबा कोपऱ्यावरच्या मेडिकलवर गेले, त्याने एक ट्यूब दिली, आणि खरं सांगते तीन दिवसांत खाज गायब, बाबा एकदम खूश, ट्यूब बंद. दहा दिवसांत परत आलं आणि आधीपेक्षा मोठं. परत तीच ट्यूब. असं करत करत दिवाळी आली तोपर्यंत मांड्यांवर, कंबरेभोवती आणि एक चट्टा पोटावर. आता तर गोल आकार पण राहिला नाही, नुसता काळपट तांबूस पसारा दिसतो.

मग मीच हट्टाने स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी टर्बिनाफिन २५० रोज एक अशी चार आठवडे दिली, थोडा फरक पडला पण पूर्ण नाही. आता इट्राकोनाझोल १०० ची कॅप्सूल दिवसातून दोनदा, सहा आठवडे, आणि वरून लावायला ल्युलिकोनाझोल. तीन आठवडे झाले, फरक जवळजवळ नाहीच. ओपीडीत इतकी गर्दी की दोन मिनिटांत बाहेर, विचारायचं ते राहूनच जातं.

अँटिबायोटिक पाच दिवसांत काम करतं मग ही औषधं इतके आठवडे का घ्यावी लागतात, आणि एक औषध चाललं नाही तर दुसरं चालेल हे डॉक्टर कशावरून ठरवतात? घरात सगळे म्हणून राहिलेत की लिव्हर खराब होईल, बंद करा, आयुर्वेदिक बघा. बाबा रात्री दोन दोन वाजेपर्यंत खाजवत बसतात, बघवत नाही.

बाकीच्या गोळ्या: सकाळी उठल्या उठल्या पॅन्टोप्राझोल, शुगरला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीची ॲम्लोडिपिन, रात्री कोलेस्टेरॉलची ॲटोर्व्हास्टॅटिन. विसरायला नको म्हणून ही कॅप्सूल पण ते सकाळी पॅन्टोप्राझोलसोबतच घेऊन टाकतात, दुसरी रात्री झोपताना.

दवाबाजार २० वर्षं

ताई, तुमच्या शेवटच्या दोन ओळी वाचल्या आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलो. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, पण माझ्या अंदाजाने बाबांच्या कॅप्सूलमधलं औषध त्यांच्या कातडीपर्यंत नीट पोचतच नाहीये.

इट्राकोनाझोल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. साधी कॅप्सूल विरघळायला पोटात ॲसिड लागतं आणि जेवण लागतं. डब्यावर लिहिलेलं असतं पण वाचतो कोण, आणि बरेच दुकानदार सांगत पण नाहीत. आता पॅन्टोप्राझोलचं काम काय, तर ॲसिड बनणंच कमी करणं, आणि ते एक दोन तास नाही, दिवसभर. म्हणजे बाबा सकाळी ॲसिड बंद करून राहिलेत आणि त्याच घोटाबरोबर ज्याला ॲसिड हवं ती कॅप्सूल घेऊन राहिलेत, तेही रिकाम्या पोटी. तीन आठवड्यांच्या कॅप्सूल गेल्या, पैसे गेले, आणि रक्तात गेलं ते थोडंसंच. नुसतं "तासभर अंतर ठेवा" म्हणूनही भागत नाही, कारण त्या गोळीचा असर इतका लवकर उतरत नाही.

पण म्हणून पॅन्टोप्राझोल आपल्या मनाने बंद करू नका बरं का. कधी ती ॲसिडिटीची म्हणून नसते, हृदयाच्या ॲस्पिरिनबरोबर पोट सांभाळायला दिलेली असते. ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा की काही आठवडे थांबवता येईल का. नाहीच थांबवता आली तर इट्राकोनाझोलचा एक सुधारित प्रकार येतो, सुबा म्हणतात, त्याला ॲसिडची इतकी गरज पडत नाही, त्याचा डोस वेगळा असतो त्यामुळे तोही डॉक्टरच लिहितील. ज्यांच्या पोटात ॲसिड कमी आहे त्यांना साध्या कोलाबरोबर कॅप्सूल घ्यायला सांगायची पद्धत आहे, कोला आंबट असतो म्हणून, पण बाबांना शुगर आहे तेव्हा तो उपाय त्यांच्यासाठी नाही. कॅप्सूल सकाळच्या पोहे किंवा पोळीभाजीनंतर लगेच आणि रात्रीच्या पूर्ण जेवणानंतर लगेच. चहा बिस्किट म्हणजे जेवण नाही.

अजून एक, कॅप्सूल उघडली तर आत साबुदाण्यासारखे बारीक दाणे दिसतील. औषध या दाण्यांवर चढवलेलं असतं आणि दाणे किती बारीक, किती संख्येने, यावर ते किती विरघळेल हे बरंच ठरतं. म्हणून सगळ्यात स्वस्त कुठली आहे एवढंच बघून कंपनी बदलत बसू नका, डॉक्टरांनी लिहिलेलीच घ्या.

आता जे जास्त गंभीर आहे ते. हे औषध लिव्हरमधलं एक एन्झाइम अडवतं, सीवायपी ३ए४ नाव त्याचं, आणि बरीच दुसरी औषधं शरीर त्याच एन्झाइमने मोडतं. ॲटोर्व्हास्टॅटिन त्यातलीच, ॲम्लोडिपिन पण. इट्राकोनाझोल नीट पचायला लागलं की ॲटोर्व्हास्टॅटिनचं प्रमाण रक्तात वाढेल, आणि मग अंग दुखणं, स्नायू दुखणं, लघवी गडद होणं असं काही दिसलं तर त्याच दिवशी फोन करायचा. बऱ्याचदा डॉक्टर तेवढ्या काळापुरती रोसुव्हास्टॅटिन देतात किंवा थांबवतात. सिम्व्हास्टॅटिन असती तर अजिबातच चाललं नसतं. ॲम्लोडिपिनमुळे पाय सुजू शकतात. आणि बाबांना कधी हार्ट फेल्युअर सांगितलं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण हे औषध हृदयाचा पंप थोडा मंद करतं, अशा पेशंटला शक्यतो देत नाहीत.

सगळ्या गोळ्यांची पानं एका पिशवीत घाला आणि ती पिशवीच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. दोन मिनिटांतही काम होतं.

त्या जुन्या ट्यूबवर मागे काय लिहिलंय ते टाइप कराल का?

लोकमान्यनगरची लेक

दादा, वाचून हात पाय गार पडले, आम्हाला एकाने पण नाही सांगितलं हे. ट्यूब शोधली. लिहिलंय: क्लोबेटासोल, ओफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. शेवटी अझोल सारखंच नाव आहे ना, म्हणजे अँटिफंगलच आहे ना ती?

दवाबाजार २० वर्षं

नाही ताई, त्यातलं टर्बिनाफिन अँटिफंगल आहे, पण ट्यूब नुसती अँटिफंगल नाही. इथेच सगळे फसतात. क्लोबेटासोल नावाला अझोलसारखं ऐकू येतं पण ते स्टेरॉइड आहे, आणि लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात कडक. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. तरी मिळतात. मला याचा फार राग येतो, कारण समोर आलेला माणूस विश्वासाने आलेला असतो.

स्लाइड बघणारी

मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये आयुष्य काढलं, आता रिटायर आहे, नंदानगरला असते. मूळ प्रश्न औषधं काम कशी करतात असा आहे आणि माझा हा जिव्हाळ्याचा विषय, तर जरा सविस्तर लिहिते.

आधी हे लक्षात घ्या की बुरशी ही बॅक्टेरियापेक्षा आपल्याला जास्त जवळची आहे. बॅक्टेरियाची पेशी इतकी वेगळी की तिला मारेल आणि आपल्याला काही करणार नाही अशा कितीतरी जागा सापडतात. बुरशीची पेशी मात्र आपल्या पेशीसारखीच, केंद्रक वगैरे सगळं. म्हणून अँटिबायोटिकची दुकानभर नावं आणि अँटिफंगलचे मोजून चार पाच गट. फरक आहे तो एका ठिकाणी. आपल्या पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पडद्यात त्याऐवजी एर्गोस्टेरॉल. बहुतेक औषधं या एकाच फरकावर उभी आहेत.

बुरशी हे एर्गोस्टेरॉल पायरी पायरीने बनवते. आधी स्क्वालीन, मग पुढे लॅनोस्टेरॉल, मग शेवटी एर्गोस्टेरॉल. टर्बिनाफिन सुरुवातीची पायरी अडवतं, त्यामुळे एर्गोस्टेरॉल तर बनत नाहीच, वर न वापरलेलं स्क्वालीन पेशीत साचतं आणि ते तिला विषासारखं बाधतं. म्हणून दादेच्या बुरशीला ते मारतं. अझोलवाले सगळे, म्हणजे फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल, क्लोट्रिमाझोल, तुमचं ल्युलिकोनाझोल, हे लॅनोस्टेरॉलच्या पुढची पायरी अडवतात. पडदा कच्चा राहतो, गळका होतो, वाढ थांबते. जुनं ग्रिसोफुल्विन या वाटेला जातच नाही, ते बुरशीच्या पेशीचं विभाजन थांबवतं आणि नव्याने तयार होणाऱ्या कातडीत जाऊन बसतं.

आता इतके आठवडे का? दादेची बुरशी कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात राहते, जो थर मेलेला असतो, केराटिनचा. तिथे रक्त जात नाही. औषध तिथे पोचतं ते घामातून, तेलग्रंथींतून आणि खालून वर येणाऱ्या नव्या पेशींबरोबर. कातडीचा थर खालून वर येऊन गळून जायला साधारण महिना लागतो, तेवढा काळ तरी नवी कातडी औषधासकट वर यायला हवी आणि बुरशीवाली जुनी गळून जायला हवी. घशाचं इन्फेक्शन आणि हे यांची तुलनाच होत नाही. खाज थांबली म्हणजे बुरशी संपली असंही नाही.

स्टेरॉइडची ट्यूब काय करते ते पण सांगते. लाली, खाज, सूज ही बुरशीची नसते हो, ती आपल्या शरीराने बुरशीविरुद्ध उघडलेली लढाई असते. स्टेरॉइड ती लढाईच बंद पाडतं. माणसाला वाटतं बरं झालं, आणि बुरशी मोकळ्या रानात पसरते. चट्ट्याचा गोल आकार जातो, कड जाते, ओळखूच येत नाही. बाबांचं "गोल राहिला नाही" हे वाचून मला तेच वाटलं. महिनोन्महिने लावलं तर जांघेत कातडी पातळ होऊन पांढरे चरे पडतात, ते कायमचे राहतात.

टर्बिनाफिन का चाललं नाही याचं एक कारण हेही असू शकतं. आपल्याकडे सध्या ट्रायकोफायटन इंडोटिनिए नावाची बुरशी फार पसरली आहे, २०२० मध्ये तिला वेगळी जात म्हणून हे नाव मिळालं, नावातच इंडिया आहे. टर्बिनाफिन ज्या एन्झाइमला जाऊन चिकटतं त्या एन्झाइममध्येच हिने बदल करून घेतलाय, पुष्कळदा ३९७ व्या जागचं एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. मग औषध येतं पण त्याला चिकटायला जागाच नसते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला पण असे पेशंट सापडले, त्यातली एक तर परदेशात गेलीच नव्हती. इट्राकोनाझोल दुसऱ्या पायरीवर काम करत असल्याने अशा वेळी ते सहसा चालतं, तुमच्या डॉक्टरांनी बदल केला तो बरोबरच केलाय. फ्लुकोनाझोल या बुरशीला बऱ्याचदा कमी पडतं.

पुढच्या वेळी त्यांना केओएच टेस्टबद्दल विचारा. चट्ट्याच्या कडेची खपली बोथट पात्याने खरवडतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे तसेच राहतात, फांद्या फुटलेले, सूक्ष्मदर्शकात स्पष्ट दिसतात. तासाभरात उत्तर. इतक्या वर्षांनंतरही ते धागे दिसले की मी दोन मिनिटं नुसती बघत बसायचे. कल्चरला, म्हणजे बुरशी लॅबमध्ये वाढवून बघायला, दोन ते चार आठवडे जातात पण असं चिवट असेल तर करावं.

नवाज्ञानी

मधेच विचारतो माफ करा, माझ्या पाठीवर शिबं आहेत, पांढुरके डाग, मित्राने टर्बिनाफिनच्या गोळ्या दिल्या, चालतील का?

स्लाइड बघणारी

नाही. शिबं मॅलेसेझिया नावाच्या यीस्टने होतात आणि पोटातून घेतलेलं टर्बिनाफिन त्यावर चालत नाही. डॉक्टर बहुधा कीटोकोनाझोलचा शाम्पू पाठीवर लावायला सांगतील. बुरशी गेल्यावरही रंग भरायला काही महिने लागतात तेव्हा डाग दिसतायत म्हणून लावत बसू नका. आणि कीटोकोनाझोलच्या गोळ्या कुणी दिल्या तर घेऊ नका, लिव्हरला होणाऱ्या त्रासामुळे २०१३ मध्ये युरोप आणि अमेरिकेने त्यांच्यावर कडक बंधनं आणलीत.

मेची आठवण

मी फार क्वचित लिहिते. बुरशी आणि शुगर हे दोन शब्द एकत्र वाचले की मला २०२१ चा मे आठवतो. माझ्या दिरांना कोविडनंतर ब्लॅक फंगस झाला, शुगर ४०० च्या वर होती, स्टेरॉइड चालू होतं. गाल सुन्न झाला आणि नाकातून काळं यायला लागलं. ॲम्फोटेरिसिन या इंजेक्शनचं नाव तोपर्यंत आम्ही ऐकलं पण नव्हतं आणि नंतर आठवडाभर दुसरं काही बोललो नाही. मी आणि माझा मुलगा स्कूटरवर सगळं शहर पालथं घातलं, दवा बाजार, मग ओळखीचे, मग उज्जैन, देवास, एक कुपी मिळाली तरी रडू यायचं. रोजच्या चार पाच कुप्या लागायच्या.

तिथल्या सिस्टरने मला दाखवलं होतं की हे इंजेक्शन फक्त डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं, साध्या सलाइनमध्ये घातलं तर फाटतं, दुधासारखं. रोज क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचे. थंडी वाजून हुडहुडी भरायची. नाकातून ऑपरेशन करून सडलेला भाग काढला, मग पोसाकोनाझोलच्या गोळ्या कित्येक महिने. एक डोळा गेला पण माणूस आहे आमच्यात.

मला एवढंच विचारायचं होतं, की घरात फ्लुकोनाझोल पडलेलं होतं, ते आम्ही पहिल्याच दिवशी दिलं असतं तर डोळा वाचला असता का? हे माझ्या मनातून जात नाही.

स्लाइड बघणारी

नाही हो, अजिबात नाही. फ्लुकोनाझोल त्या बुरशीवर काहीच करत नाही, व्होरिकोनाझोल पण नाही, ते जरी तासाभरात दिलं असतं तरी फरक पडला नसता. त्या बुरशीला ॲम्फोटेरिसिनच लागतं, ते तयार एर्गोस्टेरॉललाच जाऊन चिकटतं आणि पडदा फोडतं, पेशीतलं पोटॅशियम बाहेर गळून जातं. आपल्या कोलेस्टेरॉलला पण ते थोडं चिकटतं म्हणून किडनीला सोसावं लागतं, आणि म्हणूनच ते चरबीच्या बारीक गोळ्यांत बांधून देतात, लायपोसोमल म्हणतात ते हेच. पण ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते, सडलेल्या भागात रक्तच नसतं तर औषध जाणार कुठून, त्यामुळे कापून काढणं आणि शुगर खाली आणणं हे औषधाइतकंच लागतं. तुम्ही उज्जैन देवासपर्यंत जाऊन जे आणलंत तेच त्यांना हवं होतं. तुमच्या हातून काही राहिलेलं नाही.

मेची आठवण

आज झोप लागेल. खूप आभार ताई.

दवाबाजार २० वर्षं

त्या मे मधले चेहरे मी विसरलो नाहीये काकू. आमच्याकडे माणसं रात्रभर शटरपाशी बसून असायची आणि आम्ही नाही म्हणत होतो.

लोकमान्यनगरवाल्या ताई, एक राहिलं. बाबा कंबरेला करदोटा बांधतात का? चट्टे कंबरेभोवती आहेत म्हणालात. तो दोरा आंघोळीत भिजतो, दिवसभर ओला राहतो, बुरशी तिथे घर करते, आणि औषध घेऊन कातडी साफ झाली तरी दोऱ्यातून परत येते. आणि घरात अजून कुणाला खाज आहे का ते नीट विचारा. ही दाद माणसाकडून माणसाला लागते, एकाचा इलाज आणि दुसऱ्याचा नाही असं केलं तर घरातल्या घरात फिरत राहते. क्रीम चट्ट्यावरच नाही, चट्ट्याच्या बाहेर अंगठ्याच्या रुंदीएवढ्या जागेपर्यंत लावायची आणि दिसेनासं झाल्यावर अजून दोन आठवडे.

लोकमान्यनगरची लेक

अपडेट द्यायला उशीर झाला, आज नऊ दिवस झाले. पिशवी घेऊन गेलो. डॉक्टरांनी पिशवी बघितली, स्वतःच्याच चिठ्ठीकडे बघितलं, आणि म्हणाले हे मला आधी विचारायला हवं होतं. मला ते आवडलं. पॅन्टोप्राझोल फिजिशियनना फोन करून थांबवली, बाबांना ती तीन वर्षांपूर्वीच्या जळजळीसाठी दिलेली होती, कुणी बंदच केली नव्हती. ॲटोर्व्हास्टॅटिन पण सध्या बदलली. लिव्हरची तपासणी केली, नॉर्मल आली, महिन्याने परत करायची. डोळे पिवळे, भूक मेली, लघवी गडद असं काही झालं तर लगेच या म्हणाले. केओएच पॉझिटिव्ह आली, कल्चर पाठवलंय. कोर्स आजपासून पहिला दिवस असं धरा म्हणाले.

करदोटा होता. बाबांना काढायला सांगायचं म्हणजे काय ते तुम्हाला माहिती आहे, मुंजीपासून कंबरेला आहे त्यांच्या. मी बोलूच शकले नाही. शेवटी आईने सांगितलं की बरं होईपर्यंत देवासमोर ठेवा, बरे झालात की नवा बांधू. काढला.

आणि दादा, तुम्ही विचारायला सांगितलं म्हणून आईला एकटीला विचारलं. आधी नाही नाही म्हणाली, मग रडायलाच लागली. परकराच्या नाडीखाली पूर्ण कंबरभर आहे तिला. चार महिन्यांपासून. बाबांचीच ती ट्यूब गुपचूप लावत होती, सांगितलं नाही कारण पुरुष डॉक्टरांना दाखवायला लागेल. उद्या तिला बाई डॉक्टरांकडे नेतेय. टॉवेल, चादरी, कपडे सगळ्यांचे वेगळे केलेत, गरम पाण्यात धुवून गच्चीवर उन्हात टाकते, आतल्या शिवणी उलट्या करून.

काल रात्री बाबा साडेअकरालाच झोपले.

दवाबाजार २० वर्षं

आईंची ती ट्यूब एकदम बंद केल्यावर पहिला आठवडा खाज आणि लाली वाढेल, भडकल्यासारखं दिसेल. नव्या औषधाने बिघडलं असं समजून त्या परत जुनी लावतील, तेवढं होऊ देऊ नका, डॉक्टरांकडून खाजेची गोळी मागून घ्या. आणि आईंना पण काही गोळ्या चालू असतील तर त्यांची पिशवी वेगळी करा.